भावाला स्टेम सेल दिल्या: पहिल्या रिपोर्टपासून ब्लड ग्रुप बदलेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाला मी जानेवारी २०२४ मध्ये स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या मूळ पेशी, दिल्या. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन येतात, बहुतेक रात्री जेवणं झाल्यावर, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, खूप दुखतं का हो?" दुसरा, "मणक्यातून काढतात ना?" घाईत फोनवर सांगताना काहीतरी सुटतं म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, भांडुपला राहते, सहकारी बँकेत काम करते, बायोलॉजी बारावीला सुटलं. इथे पेशींबद्दल जे आहे ते आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि नंतर मी स्वतः वाचून पक्कं केलेलं. मला तरी असं झालं की हॉस्पिटलमध्ये प्रत्येक पायरीला आत नक्की काय चाललंय ते कळलं की भीती कमी व्हायची, म्हणून तो भाग वगळत नाहीये.

जुलै २०२३. भावाचा ताप जात नव्हता, पावसाळा असल्यामुळे सगळ्यांनी डेंग्यू धरला, मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. नाक्यावरच्या लॅबमध्ये सीबीसी केला तर पांढऱ्या पेशी साठ हजारांच्या वर आणि खाली शेऱ्यात 'ब्लास्ट' लिहिलेलं. फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, दार लोटून घेतलं आणि आजच परळला जा म्हणाले. तिथे बोन मॅरो टेस्ट झाली आणि एएमएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झपाट्याने वाढणारा. ब्लास्ट म्हणजे रक्ताच्या कच्च्या पेशी. हाडांच्या आतल्या मऊ भागात, म्हणजे मॅरोमध्ये, रोज अब्जावधी पेशी तयार होतात आणि पक्क्या होऊन बाहेर येतात, या आजारात त्या अर्ध्यातच अडकतात आणि तशाच वाढत राहतात, मग चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. ताप, रक्तस्राव, थकवा, सगळं त्यातूनच.

पहिल्या केमोला तो जवळजवळ महिनाभर ॲडमिट होता. प्लेटलेट सारख्या लागायच्या. मी आणि आमचा मोठा भाऊ दोघंही ब्लड बँकेत हात पुढे करून उभे, तर तिथल्या मॅडमनी थांबवलं, म्हणाल्या सख्ख्या नातेवाईकांचं रक्त नको, पुढे ट्रान्सप्लांटची वेळ आली तर अडचण होते. कारण असं की आपल्या रक्तातल्या पेशींविरुद्ध पेशंटच्या शरीरात आधीच अँटिबॉडी तयार झाल्या, तर नंतर आपल्याच स्टेम सेल त्याचं शरीर नाकारू शकतं. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा. अशा वेळी घरचे भावनेच्या भरात आधी तेच करतात. प्लेटलेटसाठी मित्र, ऑफिस, सोसायटी, कॉलेजचा ग्रुप असे बाहेरचे डोनर शोधा, आणि एसडीपीसाठी, म्हणजे एकाच डोनरकडून मशीनने प्लेटलेट काढतात त्यासाठी, हाताची शीर चांगली लागते, डोनरला मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, हे त्यांना आधीच सांगा म्हणजे कुणी येऊन परत जात नाही.

ऑगस्टअखेर रिपोर्ट आला, रेमिशन. आम्ही पेढे आणायच्या तयारीत आणि डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करावं लागेल, म्हणजे जबर केमोने त्याचा मॅरो संपवून तिथे डोनरच्या स्टेम सेल रुजवायच्या. आईला कळेना, आजार गेला तर आता हे कशाला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून सांगितलं की रेमिशन म्हणजे मायक्रोस्कोपखाली ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली गेले, संपले असं नाही. शिवाय कॅन्सरच्या पेशींचा जो जनुकांचा रिपोर्ट आला होता त्यानुसार नुसत्या केमोवर हा आजार परत यायची शक्यता बरीच होती. मागाहून वाचलं तेव्हा कळलं, १९९४ साली टोरोंटोमध्ये जॉन डिक यांच्या टीमने माणसाच्या एएमएलच्या पेशी उंदरांत घालून दाखवलं होतं की त्या सगळ्या सारख्या नसतात, अगदी मोजक्या पेशींतच आजार नव्याने उभा करायची ताकद असते. रिपोर्ट स्वच्छ दिसत असला तरी डॉक्टर पुढची ट्रीटमेंट का सांगतात, याचं उत्तर मला तिथे मिळालं आणि मग घरात मीच सगळ्यांना समजावू शकले.

मग एचएलए टेस्ट. आम्हा दोघा भावंडांचं आणि त्याचं असं तिघांचं सॅम्पल दिलं, साधं हातातून रक्त, प्रत्येकी नऊ हजारांच्या आसपास. एचएलए म्हणजे पेशींच्या बाहेरच्या बाजूला असणारी प्रथिनं, ज्यांच्यावरून शरीर आपलं-परकं ठरवतं. त्यांची जनुकं सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ असतात, म्हणून आईकडून एक गट आणि बाबांकडून एक गट असे सहसा अख्खे गठ्ठेच येतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. सासूबाई म्हणाल्या, चेहरा तर मोठ्या भावाशीच जुळतो, त्याचंच मॅच होणार. चेहऱ्याचा काही संबंध नसतो. ब्लड ग्रुपचाही नसतो, त्याचं जनुक नवव्या क्रोमोसोमवर, एकदम वेगळीकडे. माझा ओ पॉझिटिव्ह, भावाचा बी पॉझिटिव्ह, मी मनातल्या मनात स्वतःला बाद करून टाकलं होतं.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागले आणि मध्येच गणपती आले. घरी आरती चालू असताना वहिनीचा फोन, ताई तुमचं पूर्ण जुळलंय, दहापैकी दहा. मोठ्या भावाचं अर्धं जुळलं होतं. ज्यांचं भावंडांत जुळत नाही त्यांनी लगेच हातपाय गाळू नयेत. आई-वडील आणि मुलं जवळपास नेहमी निम्मे जुळतात आणि आता निम्म्या जुळणाऱ्या डोनरकडूनही ट्रान्सप्लांट करतात, त्याला हॅप्लो म्हणतात, शिवाय बाहेरच्या डोनरसाठी रजिस्ट्री, म्हणजे नाव नोंदवलेल्या डोनरच्या याद्या, आहेत. डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन कामांत गेले, भावाच्या पुढच्या केमो आणि पैसे. आमच्या हॉस्पिटलने ट्रान्सप्लांटचं एस्टिमेट १५ लाख दिलं, इन्फेक्शन वगैरे झालं तर वर. हा आकडा प्रत्येक ठिकाणी खूप वेगळा असतो. मी बँकेत असूनही कागदांनी दमवलं. जे उपयोगी पडलं ते सांगते. सगळ्यात आधी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, कुठली ट्रस्ट कुठल्या आजाराला मदत करते हे त्यांना तोंडपाठ असतं. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी ठेवाव्या लागतात, त्याबद्दल आपणहून विचारा. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी या दोन्हीकडे हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात आणि आधीच भरून टाकलेल्या बिलाचे मिळत नाहीत, म्हणून अर्ज बिल भरायच्या आधी गेला पाहिजे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुख्यमंत्री निधीला लागतोच आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार आहे, आमचं त्यात बसत नव्हतं. बाकी ठिकाणी अर्ज केले, सिद्धिविनायक मंदिर ट्रस्टकडे केला, भावाने पीएफमधून ॲडव्हान्स काढला, चुलत्यांनी एफडी मोडली. एस्टिमेटच्या सही-शिक्क्याच्या चार-पाच मूळ प्रती एकदमच मागून घ्या, प्रत्येक ठिकाणी ओरिजिनल मागतात आणि एकेका प्रतीसाठी परळला परत जाणं जिवावर येतं.

याच महिन्यांत सकाळी जाताना लोकलमध्ये मी मोबाईलवर वाचत बसायचे, स्टेम सेल म्हणजे काय हे कुणी आणि कसं शोधलं. त्यातली एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. टोरोंटोमध्येच जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक असे दोघे होते, एक फिजिक्सवाला आणि एक डॉक्टर. रेडिएशनचा मॅरोच्या पेशींवर काय परिणाम होतो हे ते मोजत होते. उंदरांना जबर रेडिएशन देऊन त्यांचा मॅरो मारायचा, मग दुसऱ्या उंदराच्या मॅरोच्या पेशी टोचायच्या आणि काय होतं बघायचं. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या स्प्लीनवर, बारीक गाठी दिसल्या आणि जितक्या पेशी टोचल्या तितक्या प्रमाणात गाठी. १९६१ मध्ये त्यांनी ते छापलं आणि दोन वर्षांनी दाखवून दिलं की एकेक गाठ एकाच पेशीपासून बनलेली आहे आणि तिच्यात रक्ताच्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी आहेत. एका पेशीपासून सगळं रक्त! गाठी मोजायचं ठरवणाऱ्या त्या दोघांमुळे आज माझ्या भावाच्या डॉक्टरांना किती पेशी पुरतील हे सांगता येतं, हे वाचताना घाटकोपर कधी गेलं कळायचं नाही. मॅरो ट्रान्सप्लांटचे प्रयत्न तर त्याही आधी चालू होते, डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये पहिले अनुभव लिहिले, सुरुवातीचे पेशंट वाचले नाहीत, तरी ते चिकटून राहिले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भारतात ही ट्रीटमेंट पहिल्यांदा आपल्या परळलाच झाली, १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये, डॉ. सुरेश अडवाणींनी केली.

डिसेंबरमध्ये माझ्या तपासण्या. एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, प्रेग्नन्सी टेस्ट आणि हातांच्या शिरा बघणं. मिळून आठ-नऊ हजार झाले. बाळंतपणं किती झाली तेही विचारलं, कारण गरोदरपणात बाईच्या शरीराला बाळाच्या पेशींची ओळख होते आणि बाईने पुरुषाला दिलेल्या स्टेम सेलमध्ये जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो. जीव्हीएचडी म्हणजे आपल्या दिलेल्या पेशींनीच पेशंटच्या शरीराला परकं समजून हल्ला करणं. मला दोन मुलं आहेत हे ऐकून डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पूर्ण मॅच असलेलं भावंड आहे, औषधांनी सांभाळू.

त्या दिवशी एक गोष्ट मला फार चांगली वाटली. कन्सेंट फॉर्मच्या आधी घरच्या सगळ्यांना बाहेर पाठवून डॉक्टर मॅडम माझ्याशी एकटीशी बोलल्या. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, बाहेर आम्ही कारण सांगणार नाही. आणि पुढे हेही म्हणाल्या की भावाला ट्रान्सप्लांटच्या आधीची जबर केमो सुरू झाल्यावर मात्र तुम्ही मागे फिरलात तर त्याच्या जिवावर बेतेल, कारण त्याचा स्वतःचा मॅरो तोपर्यंत संपलेला असेल. मी सही केली. डोनर असाल तर हा वेळ स्वतःसाठी घ्या, मनातलं सगळं विचारून घ्या.

मणक्याचं उत्तर इथे देते. दोन पद्धती असतात. एकात भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मॅरो काढतात, मणक्याला हात लागत नाही. दुसरीत इंजेक्शन देऊन स्टेम सेल हाडातून रक्तात आणतात आणि हाताच्या शिरेतून मशीनने गोळा करतात. माझी दुसरी होती.

हे इंजेक्शन म्हणजे जी-सीएसएफ. आपल्या शरीरात ते मुळातच असतं, मॅरोला पांढऱ्या पेशी वाढवायला सांगणारं प्रथिन. मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६० च्या दशकात मॅरोच्या पेशी आगरवर, म्हणजे एक प्रकारच्या जेलीवर, वाढवायला घेतल्या आणि कशामुळे वाढतात याचा पिच्छा पुरवत अनेक वर्षांनी अशी प्रथिनं वेगळी काढली. पुढे बॅक्टेरियात माणसाचं जनुक घालून ते बनवायला लागले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं, ते केमोनंतर पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून. त्याआधीच, पेशंटना देऊन बघताना लक्षात आलं होतं की याने स्टेम सेलही हाडातून बाहेर रक्तात येतात. मॅरोमध्ये सीएक्ससीएल-१२ नावाचं एक प्रथिन असतं, स्टेम सेल त्याला धरून जागेवर थांबलेल्या असतात, जी-सीएसएफमुळे त्याचं प्रमाण घटतं आणि त्या सुटतात.

१५ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, पहिलं इंजेक्शन. डोस वजनावर असतो, मला रोज ३०० मायक्रोग्रॅमची दोन, दंडावर किंवा पोटावर कातडीखाली, एकाची किंमत हजाराच्या आसपास. पहिलं हॉस्पिटलमध्ये घेतलं, पुढची घराजवळच्या नर्सिंग होममध्ये. औषध फ्रिजमध्येच ठेवायचं असतं, फ्रीझरमध्ये नाही, नेताना आईस पॅक घालून. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या रात्रीपासून कंबर आणि मांड्या आतून ठणकायला लागल्या, डोकं जड, फ्लू झाल्यावर अंग मोडून येतं ना तसं. पॅरासिटामॉलने बरंच कमी व्हायचं, ॲस्पिरिन घ्यायची नाही हे आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त, झोप नीट लागली नाही. ठणका कशाचा आहे हे माहीत असल्यामुळे मला घाबरायला झालं नाही, आत काम चालू आहे एवढं कळत होतं. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या पांढऱ्या पेशी ७ हजारांवरून ४५ हजारांवर गेल्या होत्या. या दिवसांत रजा घ्या, गर्दीच्या लोकलने जाऊ नका, प्लीहा थोडी वाढलेली असते, पोटाला धक्का लागता कामा नये. घरात ज्याला त्याला सांगून ठेवा, जड उचलायचं नाही म्हणून.

१९ तारखेला, शुक्रवारी, कलेक्शन. पोटभर नाश्ता करून, पुढे उघडणारा शर्ट घालून आणि निघण्याआधी बाथरूमला जाऊन बसा, कारण नंतर जवळजवळ पाच तास दोन्ही हात हलवता येत नाहीत. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे ते फिरवून वजनाप्रमाणे थर वेगळे होतात, हव्या त्या थरातल्या पेशी पिशवीत आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत आपल्याला. तासाभराने ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्याचा तो परिणाम, लगेच सिस्टरना सांगा, कॅल्शियम दिलं की थांबतं. सहन करत गप्प बसू नका. पिशवी वर हळूहळू भरत होती, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. दुपारी तिच्यातल्या सीडी-३४ पेशी मोजल्या. सीडी-३४ ही स्टेम सेलच्या पृष्ठभागावरची खूण, अमेरिकेत कर्ट सिव्हिन यांच्या टीमने १९८४ मध्ये तिच्यावरची अँटिबॉडी शोधली म्हणून आज या पेशी नेमक्या मोजता येतात. भावाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख हव्या होत्या, ५० लाखांच्या वर मिळाल्या, म्हणून मला दुसऱ्या दिवशी परत बसावं लागलं नाही. माझा ग्रुप ओ आणि त्याचा बी, म्हणून पिशवीतला माझा बराचसा प्लाझ्मा काढून टाकला.

संध्याकाळी त्या पेशी भावाला दिल्या. ऑपरेशन वगैरे काही नसतं, रक्त चढवतात तसंच सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून. मी काचेबाहेर होते. आईने विचारलं, शिरेत दिलं तर हाडात कसं पोचणार? डॉक्टरांनी सांगितलं की पेशी आपणच वाट काढतात. तेच सीएक्ससीएल-१२, ज्याची पकड माझ्या हाडांत सैल केली होती, ते त्याच्या हाडांत भरपूर असतं आणि स्टेम सेलवर ते ओळखणारा रिसेप्टर असतो. त्या मॅरोमध्ये शिरतात आणि तिथेच राहतात. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग पहिल्यांदा नीट जेवली.

माझं दुखणं दोन दिवसांत गेलं, प्लेटलेट कमी झाल्या होत्या त्या पंधरवड्यात जागेवर आल्या, सोमवारी सुट्टीच होती, मंगळवारी मी बँकेत. भावाचं मात्र तेव्हा सुरू झालं. पांढऱ्या पेशी शून्याला टेकल्या, तोंडात फोड, पाणीही गिळता येईना, ताप, अँटिबायोटिक, रोज सकाळी वहिनीचा एकच मेसेज, काउंटचा आकडा. हे दिवस डोनरला फार जड जातात, आपल्या पेशी धरल्या नाहीत तर काय, हा विचार डोक्यातून हलत नाही. आमच्या सिस्टरनी सांगितलं होतं की साधारण बारा ते अठराव्या दिवसापर्यंत वाट बघायची असते, त्याआधी रोजच्या आकड्यावरून काही ठरवू नका. न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, सलग तीन दिवस ५०० च्या वर गेले की पेशी रुजल्या असं धरतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते झालं आणि महिन्याच्या मध्यावर तो घरी आला.

घरी आणल्यावर पहिले १०० दिवस फार जपायचे. हॉस्पिटलपासून लांब राहत असाल तर जवळ खोली बघावी लागते, त्याचा खर्च एस्टिमेटमध्ये नसतो. आम्ही दादरला नातेवाईकांकडे राहिलो. बाहेरचं खाणं नाही, पाणी उकळून, घरात कुणाला सर्दी झाली की त्याने वेगळं राहायचं. एप्रिलमध्ये त्याच्या हातांवर पुरळ आलं, जीव्हीएचडीच होता, सौम्य, स्टेरॉइडने आटोक्यात आला. गोळ्यांचा खर्च महिना पंधरा-वीस हजार धरून ठेवा, हळूहळू कमी होतो.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास कायमेरिझम टेस्ट झाली, म्हणजे त्याच्या रक्तात कुणाच्या पेशी किती. आम्ही बहीण-भाऊ असल्यामुळे ते एक्स आणि वाय क्रोमोसोमवरूनही कळतं. रिपोर्टमध्ये तपासलेल्या जवळजवळ सगळ्या पेशी एक्सएक्स, म्हणजे माझ्या. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे त्याच्या जुन्या बी ग्रुपच्या पेशी हळूहळू संपत गेल्या आणि पावसाळ्यापर्यंत ब्लड बँकेने त्याचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह लिहून दिला. लहानपणीच्या लसी मात्र नव्याने घ्याव्या लागतात, कारण त्यांची आठवण ठेवणाऱ्या जुन्या पेशी गेलेल्या असतात, कुठली लस कधी हे ट्रान्सप्लांटचेच डॉक्टर ठरवतात, बाहेर परस्पर काही घेऊ नका.

आणि ग्रुप बदलला की ऑफिसचं आयकार्ड, लायसन्स, पाकिटातली चिठ्ठी, जिथे जिथे जुना ग्रुप लिहिलाय तिथे तो बदलून घ्या, पाकिटात ट्रान्सप्लांट झाल्याचं आणि फक्त इरॅडिएट केलेलंच, म्हणजे रेडिएशन दिलेलंच, रक्त द्यायचं असं डॉक्टरांचं पत्र ठेवा. भावाच्या पाकिटात ते आहे, माझा फोन नंबरही त्यावर आहे.